थोडं पिवळं

गोव्यात समुद्रावर सूर्य उगवत नाही,
हे शेट्येंना तीनदा सांगितलं.
तो मागून येतो, रेल्वेच्या रुळांवरून, माडांच्या आडून,
आणि पाणी उजळतं सगळ्यात शेवटी.
शेट्ये म्हणाले, हॉटेलच्या कॅलेंडरवर
जानेवारीत उगवता सूर्य हवा, पाण्यावरच.
संध्याकाळचा घ्या अन् सकाळ म्हणा.
कुणाला कळतंय.

मला कळतं.
संध्याकाळच्या वाळूवर दिवसभराची पावलं असतात.
सकाळी फक्त खेकड्यांचं बारीक अक्षर
आणि एखाद्या कुत्र्यानं मारलेली सरळ रेघ.

म्हणून पहाटे वेळसांवला
ट्रायपॉडचे पाय वाळूत खुपसून
मी सूर्याकडे पाठ करून उभी राहते.
इकडेही काहीतरी घडतं:
क्षितिजावर आधी राखी-निळी पट्टी,
ती पृथ्वीची स्वतःचीच सावली,
आणि तिच्यावर सोलकढीचा फिका गुलाबी.
सहा-सात मिनिटं. मग विरतं.
नांगरलेली जहाजं दिवे मालवतात.

लेन्सवर काळी काच चढवली. तीस सेकंद.
तेवढ्यात लाटांचं धुकं झालं
आणि रापण ओढणारी माणसं
नाहीशीच झाली.
दोर राहिला. ताणलेला,
ओढणारं कुणी नाही.

घरी, वास्कोत, लॅपटॉपवर
आकाश अर्धा स्टॉप खाली, सावल्या वर,
तापमान पाच हजारांवरून सात हजारांवर.
एक निळी प्लास्टिकची पिशवी पुसली.
एक जहाज पुसलं.
दुसरं ठेवलं, ते शोभत होतं.
चौथ्या रात्री लक्षात आलं,
मी सकाळीला हळद लावतेय,
लग्नांचे फोटो काढून काढून
हाताला दुसरं काही येतच नाही.

पासकूला दाखवला. रापणीचा पासकू,
वाळूत जाळं पसरून, सुई दातांत.
बोटं लुंगीला पुसून त्यानं टॅबलेट लांब धरला.
"बाय, ही सकाळ खंयची?"
इथलीच, म्हटलं. मंगळवारची.
त्यानं एक डोळा मिटला. मग दुसरा.
परत पहिला.
मला वाटलं थट्टा करतोय.

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पावसाळ्यात काढला, मडगावला.
पट्टी सुटली त्या दिवशी
बायकोचा पांढरा झगा निळा दिसला म्हणे,
मीठ निळं, बांगड्याचं पोट निळं.
उजव्यात अजून जुनंच आहे सगळं,
चहात बुडवून काढल्यासारखं.

"ह्या दोळ्याक तुजें खरें," उजव्यावर बोट.
"ह्या दोळ्याक फट."

मूळ फोटो मागितला, कच्चा, न रंगवलेला.
थंड, निळा, किंचित आजारी.
तो डाव्याला पटला.

नाताळ झाला की उजव्याचंही ऑपरेशन. तारीख मिळालीय.
"मागीर हें वतलें," म्हणाला.
म्हणून त्याला एक छापून हवा होता,
उजव्याला दिसतो तसा समुद्र,
डॉक्टरनं ते पिवळं काढून फेकण्याआधी.

दुसऱ्या दिवशी पहाटे होडीला टेकून बसलो.
तीच सहा-सात मिनिटं हातात.
मी स्लायडर सरकवत,
तो डावा डोळा तळव्यानं झाकून
एकदा पाण्याकडे, एकदा स्क्रीनकडे.
आणखी. आणखी. ना, इल्लें फाटीं.
पिशवी परत आण, ती रोज असते.
जहाज परत आण.
माणसांचं काय करू, मी विचारलं,
ती तर आलीच नाहीत फोटोत.
दोराकडे त्यानं बराच वेळ पाहिलं.
"आसात," म्हणाला. "ना जाल्यार ओडटा कोण?"

सहा हजार तीनशेला हात वर केला त्यानं.
तिथं थांबले.

शेट्येंना हॉटेलमागचा डोंगर पाठवला,
वर आलेल्या सूर्यासकट.
अजून उत्तर नाही.
या फाइलला नाव दिलंय: पासकू, उजवा.